निसटलेल्या नटाचा शोध

मोटारसायकल दुरुस्त करताना हातातून सुटलेला बोल्ट सरळ जमिनीवर पडला, तर ते नशीब समजावे. बहुतेक वेळा तो आधी इंजिनावर आपटतो, तिथून उडतो आणि वायरींच्या जुडग्यात अडकतो, चेनच्या कव्हरमागे शिरतो किंवा उघड्या राहिलेल्या भोकातून थेट इंजिनात जातो. सहा मिलिमीटरचा बोल्ट, त्याखालचा वायसर, व्हॉल्व्हचे लॉक, पिस्टनच्या पिनेची सर्क्लिप, कार्बोरेटरमधला जेट या साऱ्या वस्तू एका मुठीत मावतील एवढ्या लहान आणि किमतीने किरकोळ. तरीही त्यांतली एखादी आत हरवली, तर ती हाती लागेपर्यंत गाडी चालू करता येत नाही. दुरुस्तीला लागला नसेल एवढा वेळ मग शोधाला लागतो.

यामागे मोटारसायकलची रचना आहे. आजच्या लहान गाड्यांत इंजिन, क्लच आणि गिअर एकाच खोक्यात बसवलेले असतात आणि तिघांना एकच ऑइल पुरते. जुन्या बुलेटचा गिअरबॉक्स वेगळा होता, त्यामुळे इंजिनात पडलेली वस्तू निदान गिअरपर्यंत पोचत नसे. एकत्र खोक्यात मात्र वरच्या हेडमधून सुटलेला बोल्ट वाट काढत तळापर्यंत जाऊ शकतो. त्यात १ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ मानके लागू झाली, बहुतेक गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन आले आणि टाकीखालची, सीटखालची जागा सेन्सर आणि वायरींनी भरून गेली. जिथे पूर्वी हात जायचा तिथे आता दोन बोटेही जात नाहीत.

पासलीसारख्या गावात या अडचणीला आणखी एक पदर असतो. पुण्याहून साठेक किलोमीटरवर वेल्हे, आणि वेल्ह्याहून केळदकडे जाणाऱ्या रस्त्यावर, १,४०३ मीटर उंचीच्या तोरण्याला वळसा घालून पासली येते. पुढे हाच रस्ता केळदवरून मढे घाटाच्या तोंडाशी जातो. डोंगर, खिंड, भातखाचरे आणि चार महिने कोसळणारा पाऊस अशा मुलखात मोटारसायकल ही चैन नसते. दूध, शाळा, दवाखाना, बाजार सगळे तिच्यावर अवलंबून. बजाजसारखा मोठा मोटारसायकल कारखाना याच पुणे जिल्ह्यात, चाकणला आहे. पण व्हॉल्व्हचे एवढेसे लॉक हरवले तर घाटातल्या माणसाला त्यासाठी वेल्हे, नसरापूर, नाही तर पुणे गाठावे लागते. तेही ज्या गाडीने जायचे तीच उघडून पडलेली असताना. म्हणून पडलेली वस्तू शोधून काढण्याची कला शहरातल्या मोठ्या वर्कशॉपपेक्षा अशा ठिकाणी अधिक मोलाची ठरते.

वस्तू पडल्यावर पहिली गोष्ट करायची ती म्हणजे काहीच न करणे. हात जिथे आहे तिथेच थांबवावा. गाडी स्टँडवरून काढू नये, हलवू नये, वाकडी करू नये. किक मारू नये, स्टार्टरचे बटण दाबू नये, मागचे चाक गिअरमध्ये फिरवू नये. ‘एकदा चालू करून बघू, पडला असेल बाहेर कुठे तरी’ हे वाक्य इंजिनाच्या जिवावर उठणारे आहे. स्लोवर, म्हणजे मिनिटाला १,४०० फेऱ्यांवर चालणाऱ्या इंजिनातही पिस्टन दर सेकंदाला सुमारे २३ वेळा वर येतो. ७,५०० फेऱ्यांवर १२५ वेळा. वर आलेला पिस्टन आणि हेड यांच्यात फारच थोडी जागा उरते. तिथे वायसर सापडला तर तो पिस्टनच्या माथ्यात रुततो, व्हॉल्व्ह वाकवतो. तळाशी पडलेला बोल्ट दोन गिअरच्या दातांत आला तर दात तुटतात किंवा ॲल्युमिनियमचे खोकेच तडकते. टायमिंग चेन आणि तिच्या स्प्रॉकेटमध्ये काही अडकले तर चेन दात सोडते, व्हॉल्व्हची वेळ चुकते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतात. थांबलेल्या इंजिनात पडलेला बोल्ट मात्र कोणतेच नुकसान करत नाही. तो आठवडाभर तसाच पडून राहिला तरी चालेल. घाई करण्यासारखे काही नसतेच.

थांबल्यावर आठवायचा तो आवाज. धातूची वस्तू पडताना किती वेळा वाजली, शेवटचा आवाज कुठून आला, तो लोखंडावरचा खणखणीत होता, ॲल्युमिनियमवरचा बोथट होता की मातीत विरून गेला, यावरून निम्मा शोध संपतो. जमिनीवर टपकल्याचा आवाज आला असेल तर इंजिन उघडण्यात अर्थ नाही. एक आपट ऐकू आली आणि पुढे शांतता झाली, तर वस्तू वाटेत कुठे तरी, बहुधा ग्रीस किंवा ऑइलने भिजलेल्या कोपऱ्यात चिकटली आहे. अनुभवी मिस्त्री बोल्ट निसटला की डोळ्यांआधी कान लावतो. शेजारी रेडिओ वाजत असेल तर तो नाजूक काम सुरू होण्याआधी बंद करतो, तेही याचसाठी.

जमिनीवर पडलेली वस्तू शोधणे सोपे वाटते, पण त्यातही रीत आहे. उभ्याने टॉर्च मारून काही दिसत नाही. टॉर्च जमिनीलगत आडवी ठेवावी. मग बारीक सर्क्लिपचीही लांब सावली पडते आणि आधी सावली दिसते, नंतर वस्तू. फरशीवर वस्तू गडगडून गेली असेल तर तसाच दुसरा नट त्याच उंचीवरून, त्याच जागेवरून टाकावा आणि तो कुठे जातो ते पाहावे. दोन नट बहुतेकदा एकाच दिशेला पळतात. ही युक्ती फक्त जमिनीसाठी. उघड्या इंजिनावर ती करणारा एकाऐवजी दोन नट हरवून बसतो. घाटरस्त्यावर, गवतात आणि चिखलात मात्र नजर हरते. तिथे स्पीकरमधून काढलेले जुने चुंबक दोरीला बांधून गवतावरून हळूहळू ओढत न्यावे लागते.

रस्त्यात दुरुस्ती करण्याची वेळ आली, तर बोल्ट सोडवण्याआधी रेनकोट नाही तर पंचा गाडीखाली अंथरणे, आणि हेल्मेट उलटे ठेवून निघालेली प्रत्येक वस्तू त्यात टाकणे, एवढ्याने बरेच काही वाचते. रस्त्यात सर्वांत जास्त हरवते ते चेन लॉक. त्याची स्प्रिंगसारखी पट्टी पकडीतून उडते आणि दिसेनाशी होते. ती काढताना चेनवर फडके टाकून त्याखाली काढावी. परत बसवताना पट्टीची बंद बाजू चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला ठेवावी, नाही तर ती चालत्या गाडीवरच निसटते.

वस्तू जमिनीवर नसेल आणि इंजिनातही गेली नसेल, तर ती गाडीच्याच अंगावर असते. ठरलेल्या जागा थोड्याच आहेत. सिलिंडरच्या फिन्समधील फटी, पुढच्या स्प्रॉकेटचे कव्हर, इंजिनाखालचा गार्ड, बॅटरीचा खण, मागच्या फोर्कची सांध्याजवळची खाच आणि टाकीखालचा कणा. अशा जागेतली वस्तू हाती लागलीच नाही, तर ती कुठे पडली आहे यावर निर्णय ठरतो. फ्रेमच्या पोकळ नळीत गेलेला वायसर आयुष्यभर खुळखुळेल, एवढेच. पण चेन, ब्रेक किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलजवळ पडलेला नट सोडून देणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

इंजिनाच्या आत जाणाऱ्या वाटांपैकी सर्वांत कुप्रसिद्ध वाट टायमिंग चेनची. आजच्या बहुतेक चार स्ट्रोक इंजिनांत खालच्या क्रँकपासून वरच्या कॅमपर्यंत एक चेन जाते आणि तिच्यासाठी सिलिंडरच्या बाजूला एक बोगदा ठेवलेला असतो. हेडचे काम करताना कॅमच्या स्प्रॉकेटचे लहान बोल्ट नेमके या बोगद्याच्या तोंडावर सोडवावे लागतात. पाना किंचित घसरला की बोल्ट आत. पुढे काय होते ते इंजिनाच्या ठेवणीवर अवलंबून आहे. पल्सरसारख्या उभ्या सिलिंडरच्या इंजिनात तो थेट तळाच्या खोक्यात जातो. सीडी १०० पासून स्प्लेंडरपर्यंतच्या गाड्यांत सिलिंडर जवळजवळ आडवा असतो. तिथे बोल्ट बोगद्यातच, चेनच्या बाजूला लोळत राहण्याची शक्यता बरीच. अशा वेळी गाडी पुढे-मागे कलली तर हाताशी असलेला बोल्ट खोल निघून जातो. ‘हलवू नका’ हा नियम सर्वांत जास्त कामाला येतो तो इथे.

बोगद्यात वस्तू दिसत असेल तरी लगेच हात घालू नये. चेनचे दुवे, टेन्शनरची पट्टी आणि भिंत यांच्यामध्ये जागा एवढी अरुंद असते की जाड चिमटा घातला की तोच वस्तूला ढकलतो. आधी चेन तारेने बांधून वर टांगावी, म्हणजे स्प्रॉकेट सुटल्यावर तीही खाली घसरणार नाही. मग बोगद्याचा पुढचा भाग, म्हणजे वस्तूच्या पलीकडची वाट, जमल्यास फडक्याने बंद करावी. मासे धरताना ओढ्याला आधी बांध घालतात, तसेच हे. त्यानंतर चुंबक.

दुसरी जागा मॅग्नेटची. क्रँकच्या टोकाला बसवलेल्या आणि वीज तयार करणाऱ्या जड चाकाला गॅरेजमध्ये ‘मॅग्नेट’च म्हणतात, कारण त्याच्या आतल्या कडेला कायमची चुंबके असतात. हे चाक काढून जमिनीवर ठेवले की आजूबाजूचे वायसर, स्क्रू, लोखंडाचा कीस ते गुपचूप आपल्या पोटात ओढून घेते. मिस्त्री सगळीकडे शोधतो आणि हरवलेला स्क्रू चाकाच्या आत चिकटून बसलेला असतो. तसेच चाक बसवले तर पहिल्याच फेरीत तो स्क्रू आतल्या तांब्याच्या गुंडाळ्या सोलून काढतो. मॅग्नेट परत बसवण्याआधी त्याच्या आतून बोट फिरवून फडक्याने पुसणे हा नियम कधीही मोडू नये. त्याच ठिकाणी अर्धचंद्राच्या आकाराची लहान चावी असते. चाक क्रँकवर नेमक्या कोनात बसावे म्हणून ती घालतात. चाक ओढून काढताना ती अचानक सुटते. ती नाहीशी झाली तर सर्वांत आधी चाकाच्या आतच पाहावे.

तिसरी वाट ‘हाफ इंजिन’ करताना उघडी पडते. सिलिंडरचा ब्लॉक वर उचलला की पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडच्या भोवती क्रँकच्या खोक्याचे मोठे तोंड उघडे राहते. पिस्टनची पिन अडवून धरणारी सर्क्लिप नेमकी त्यावरच काढायची असते. ती ताणलेली तार आहे. टोकाने उचकटली की टणकन उडते. म्हणून आधी ते तोंड फडक्याने बुजवावे. फडके एकच आणि मोठे असावे, त्याचा शेव बाहेर लोंबता राहावा. चिंध्यांचे बारीक तुकडे कोंबले तर त्यांतलाच एखादा आत राहून जातो. सर्क्लिप काढताना दुसऱ्या हाताचा अंगठा तिच्यावर दाबून धरावा. एकदा काढलेली सर्क्लिप परत वापरायची नसली, तरी ती सापडायलाच हवी. नवी घातली म्हणून जुनी आत राहिलेली चालत नाही.

प्लगचे भोक लहान, पण थेट सिलिंडरमध्ये उघडणारे. आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांत प्लगचे आटे १० मिलिमीटरचे आहेत; त्यातून करंगळीही जात नाही. पल्सरमध्ये २००३ च्या डीटीएस-आय इंजिनापासून एका सिलिंडरला दोन प्लग आले आणि २०१२ च्या २००एनएसमध्ये तीन, म्हणजे सांभाळायची भोकेही वाढली. प्लग सोडवण्याआधी त्याच्या भोवतालची माती आणि खडे पुसून काढावेत, कारण खोलगट खाचेत साचलेला खडा प्लग निघाला की आत पडतो. वस्तू सिलिंडरमध्ये गेलीच, तर उभ्या इंजिनात पिस्टन हाताने, अगदी थोडा थोडा, कॉम्प्रेशनच्या फेरीवर, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना वर आणता येतो, म्हणजे वस्तू भोकाजवळ येते. कुठेही अडखळल्यासारखे वाटले की थांबावे. आडव्या सिलिंडरमध्ये हा प्रयोग करू नये, कारण तिथे वस्तू पिस्टनवर न राहता सिलिंडरच्या खालच्या भिंतीवर पडते आणि पिस्टन व हेड यांच्यात चेपली जाते. कार्बोरेटर काढल्यावर उघडा राहणारा मॅनिफोल्डही असाच सिलिंडरकडे नेणारा. त्यात चिंधीचा बोळा घालून ठेवणे एवढेच पुरते.

अडकलेली परकी वस्तू बाहेर काढणे हा विषय आपल्याकडे फार जुना आहे. ‘शल्य’ म्हणजे शरीरात रुतलेली परकी वस्तू, बाणाचे टोक किंवा काटा. शस्त्रक्रियेला ‘शल्यक्रिया’ हे नाव पडले ते त्यावरूनच. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील २७ व्या अध्यायात शल्य काढण्याचे पंधरा उपाय सांगितले आहेत. त्यांत दाबणे, पुसणे, फुंकणे, धुणे, चोखून ओढणे हे आहेत आणि अयस्कान्त, म्हणजे लोहचुंबकही आहे. चुंबक केव्हा वापरावे याच्या अटीही तिथे आहेत. शल्य सुटे असावे, अडकलेले नसावे, त्याला मागे वळलेले काटे नसावेत, बाहेर येण्याची दिशा सरळ असावी आणि जखमेचे तोंड पुरेसे मोठे असावे. गॅरेजमधल्या चुंबकालाही याच अटी लागू पडतात, हे पाहून थक्क व्हायला होते. आट्यात अडकलेला किंवा भोकापेक्षा मोठ्या डोक्याचा बोल्ट चुंबक कितीही जोरदार असले तरी निघत नाही. आधीच्या २६ व्या अध्यायात हरवलेले शल्य ओळखण्याच्या खुणा दिल्या आहेत. त्यांतली एक अशी की रोग्याला तुटक्या चाकाच्या वाहनात बसवून खडबडीत रस्त्याने न्यावे आणि जिथे वेदना उठेल तिथे शल्य आहे असे समजावे. मोटारसायकलच्या बाबतीत मात्र नेमका हाच मार्ग वर्ज्य. धक्के देऊन शोधायला गेले तर वेदना उठण्याआधी इंजिन मरते.

गॅरेजमध्ये सर्वांत जास्त वापरले जाते ते रेडिओच्या एरियलसारखे लांब होणारे चुंबक. त्याच्या टोकाला वाटाण्याएवढे चुंबक असते. पूर्वी एवढ्याशा आकारात फारशी ताकद मिळत नसे. निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचे चुंबक १९८४ च्या सुमारास जपानची सुमितोमो आणि अमेरिकेची जनरल मोटर्स यांनी स्वतंत्रपणे पुढे आणले आणि हे चित्र बदलले. जुन्या हार्ड डिस्कमधून निघणारे चुंबक याच जातीचे. गावातल्या दुकानातही ते कामाला येते. लांब दांडीचे चुंबक नसेल तर स्क्रूड्रायव्हरची दांडी मोठ्या चुंबकाला टेकवून धरावी, टोकाला चुंबकत्व येते. या चुंबकांना उष्णता सोसत नाही. साधे निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या वर गेले की शक्ती गमावू लागते आणि नुकत्याच चाललेल्या इंजिनाचे ऑइल त्याहून तापलेले असू शकते. इंजिन थंड होऊ द्यावे.

चुंबकाची खरी अडचण ताकदीची नाही, दिशेची आहे. इंजिनाचे खोके ॲल्युमिनियमचे असल्याने ते चुंबकाला ओढत नाही, पण आतला क्रँक, गिअर आणि चेन पोलादाच्या आहेत. दांडी आत घातली की टोक आधी त्यांनाच चिकटते. यावर उपाय सोपा आहे. दांडीवर प्लॅस्टिकची नळी चढवावी किंवा टेप गुंडाळावी आणि फक्त टोक उघडे ठेवावे, म्हणजे बाजूची ओढ कमी होते. अंतर वाढले की चुंबकाची ओढ फार वेगाने घटते. दुप्पट अंतरावर ती निम्मी राहत नाही, कितीतरी पटींनी कमी होते. त्यामुळे लांबून फिरवत बसण्यापेक्षा वस्तू आधी डोळ्यांनी पाहून टोक थेट तिच्यावर टेकवणे बरे. ॲल्युमिनियम आड येत नाही याचा उलटा फायदाही घेता येतो. भिंत पातळ असेल तर बाहेरून जोरदार चुंबक लावून आतला बोल्ट भोकापर्यंत सरकवत आणता येतो. चिकटलेली वस्तू बाहेर काढताना घाई केली की ती कडेला घासून परत पडते. शेवटच्या इंचभर अंतरात हात सर्वांत सावकाश चालायला हवा.

चुंबक ज्याला ओढत नाही अशा वस्तूंची यादी मात्र बरीच लांब आहे. कार्बोरेटरचे जेट पितळेचे, ऑइल बोल्टखालचे वायसर तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे, ओ-रिंग रबराची. पावसाळी भागात गंज नको म्हणून हौसेने लावलेले स्टेनलेसचे बोल्टही बहुधा चुंबकाला दाद देत नाहीत, दिली तरी जेमतेम. इंजिनाच्या तोंडाशी असे बोल्ट न लावणे शहाणपणाचे, कारण साधा गंजका बोल्ट पडला तर निदान निघतो.

अशा वस्तूंसाठी पंजाची तार असते. मागचे बटण दाबले की टोकाची तीन-चार नखे उघडतात, सोडले की मिटतात. ती नसेल तर सायकलचा स्पोक टोकाशी वाकवून आकडा करतात. वायसरच्या भोकात तो छान अडकतो. जुन्या क्लच केबलची आतली तारही टोकाशी उलगडून तसाच पंजा होतो. सपाट पडलेल्या जेटला किंवा ओ-रिंगला उचलायचे तर काडीच्या टोकाला घट्ट ग्रीसचा नाही तर मऊ केलेल्या मेणाचा गोळा लावून हलकेच टेकवावा. झटपट चिकटवणारा गम काडीला लावूनही वस्तू निघते, पण तो सांडला तर वस्तू खोक्यालाच कायमची चिकटते. तो शेवटचा उपाय. सिलिंडरमधला बारीक कण किंवा खडा काढायला व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला टेपने बारीक नळी जोडून ती प्लगच्या भोकातून आत सोडतात. नळीच्या तोंडाशी जाळी किंवा विरळ फडके लावले तर निघालेली वस्तू धुळीच्या पिशवीत नाहीशी होत नाही, आणि ती निघाली याचा पुरावाही हाती राहतो. सिलिंडरमध्ये पेट्रोलचा वास असेल तर मात्र विजेवर चालणारे हे यंत्र तिथे आणू नये.

हवा मारणे हा गॅरेजमधला सर्वांत आवडता आणि या कामात सर्वांत वाईट उपाय आहे. कॉम्प्रेसरचा झोत वस्तूला जवळच्या भोकाकडे नेत नाही. जिकडे वाट मिळेल तिकडे, म्हणजे बहुधा आणखी आत ढकलतो. सुश्रुतानेही फुंकर सांगितली आहे ती डोळ्यातल्या बारीक कणासाठी, रुतलेल्या शल्यासाठी नाही. धुण्याचे मात्र तसे नाही. वस्तू तळाशी गेली आहे हे नक्की असेल आणि ती पुरेशी लहान असेल, तर खालचा ऑइल बोल्ट उघडून वरून डिझेल सोडावे आणि खाली स्वच्छ पातेले, त्यात चुंबक ठेवावे. सर्क्लिप किंवा व्हॉल्व्हचे लॉक प्रवाहाबरोबर घरंगळत येऊ शकते. डोक्यासह बोल्ट त्या भोकातून सहसा येत नाही. धुतल्यावर डिझेल पूर्ण निथळू द्यावे आणि मगच नवे ऑइल भरावे.

आत काय आहे ते न पाहता चाचपडण्याचे दिवस आता सरले आहेत. मोबाइलला जोडता येणारा बोअरस्कोप, म्हणजे बारीक केबलच्या टोकाला दिवे असलेला कॅमेरा, लहान दुकानांनाही परवडतो. प्लगच्या भोकातून जाईल एवढा बारीक कॅमेरा घ्यावा. ऑइलमध्ये भिंगावर थर बसतो, तो पुसत राहावे लागते. कॅमेऱ्याची केबल आणि चुंबकाची दांडी एकाच वाटेने घालण्याची सवय व्हायला थोडा वेळ लागतो, कारण पडद्यावरचे डावे-उजवे हाताला उलटे वाटते. कॅमेरा नसेल तर वाकड्या दांडीचा छोटा आरसा आणि टॉर्च हे जुने साधन अजून उत्तम काम देते. टॉर्चचा झोत वस्तूवर न मारता आरशावर मारावा; तो वळून नेमका पाहायचा कोपरा उजळतो.

तासभर प्रयत्न करून वस्तू दिसत नसेल किंवा दिसूनही निघत नसेल, तर बाजूचे कव्हर उघडणे हाच सरळ मार्ग. मॅग्नेटच्या किंवा क्लचच्या बाजूचे कव्हर निघाले की टायमिंग चेनच्या तळापर्यंत आणि ऑइलच्या जाळीपर्यंत हात जातो. ऑइल काढावे लागते, पॅकिंग नवे घालावे लागते, पण हे काम एका दिवसात होते. त्यानंतरही वस्तू क्रँकच्या आणि गिअरच्या मधल्या पोटातच अडली असेल, तर ‘फुल इंजिन’ उघडावे लागते. इथे मालकाला सांगणे कठीण जाते, आणि नेमके इथेच काही जण ‘जाळीत अडकेल, काही होत नाही’ म्हणून कव्हर लावून देतात. ऑइलची जाळी पंपाचे रक्षण करते. गिअरचे दात आणि टायमिंग चेन तिच्या वाटेवर नाहीत. बोल्ट आत ठेवून इंजिन बंद करणारा मिस्त्री नुकसान टाळत नाही, ते फक्त रस्त्यावर, बहुधा घाटात, पुढे ढकलतो.

खरी बचत वस्तू पडण्याआधीच्या दोन मिनिटांत असते. गोटी पान्यात ग्रीसचा ठिपका टाकला किंवा कागदाचा तुकडा कोंबला की बोल्ट त्यात अडकून राहतो. वायसर ग्रीसने बोल्टला चिकटवून ठेवावा. हाताला न पोचणाऱ्या जागी नट न्यायचा तर त्यात दोरा ओवून दोऱ्याचे टोक बाहेर बांधून ठेवावे. नट बसला की दोरा ओढून घेता येतो. कोणतेही भोक उघडे पडताच, पुढचा बोल्ट सोडवण्याआधी, त्यावर फडके टाकावे. शर्टाच्या वरच्या खिशातली पेन, किल्ली, टेस्टर बाजूला ठेवावी, कारण वाकल्यावर तेही इंजिनात पडते.

आणि मोजणी. शस्त्रक्रियेच्या खोलीत पोट शिवण्याआधी सुया आणि कापडाच्या घड्या मोजतात, तशीच इथेही. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक बोल्ट आपल्या जागी खोचून ठेवला, तर मोजायचीही गरज पडत नाही. रिकामे भोक लगेच दिसते. जुनी सर्क्लिप, जुने लॉक, फडक्याचा तुकडा हेही त्याच पुठ्ठ्यावर असावेत. कव्हर लावण्याआधी पुठ्ठ्यावरच्या वस्तू आणि इंजिनावर गेलेल्या वस्तू जुळवून पाहाव्यात. जुळल्या की प्लग काढलेलाच ठेवून क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवावा. कुठे अडखळले नाही आणि आतून आवाज आला नाही, तरच प्लग बसवावा आणि किक मारावी.